एयूव्हीएसआयचे २०१३ : ब्याऐंशी अब्जांचा आकडा आणि नकोसा शब्द

बिनतारी (धागाकर्ता)

उद्योगसंघटनेच्या एखाद्या वर्षावर धागा काढावा असे सहसा कोणाला वाटत नाही, कारण अधिवेशने, पत्रके आणि सत्कार यांपलीकडे त्यात फारसे काही हाती लागत नाही. अमेरिकेतील ‘असोसिएशन फॉर अनमॅन्ड व्हेईकल सिस्टिम्स इंटरनॅशनल’, म्हणजेच एयूव्हीएसआय, या संघटनेचे २०१३ हे वर्ष मला याला अपवाद वाटते. ज्या धंद्याला कायद्याने अजून परवानगीच नव्हती, त्याची बाजारपेठ केवढी होणार हे सांगत फिरणे हेच त्या वर्षी तिचे मुख्य काम होते. त्यातून तिने काय कमावले आणि तिच्या नजरेतून काय निसटले, याचा हिशेब मांडून पाहतो.

संघटना १९७२ ची. तिच्या पहिल्या नावात ‘रिमोटली पायलटेड’, म्हणजे दुरून चालवलेली, असे शब्द होते; ‘अनमॅन्ड’ नंतर आले. आकाश, जमीन आणि पाणी या तिन्ही ठिकाणची यंत्रे तिच्या कक्षेत येतात, पण सभासदांत संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे वजन पूर्वीपासून जास्त. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून एफएएला, म्हणजे तेथील विमान वाहतूक प्रशासनाला, ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत मानवरहित विमानांना देशाच्या सर्वसाधारण हवाई क्षेत्रात सामावून घेण्यास सांगितले. २०१३ हे या मुदतीतले मधले वर्ष. तारीख ठरलेली होती आणि नियमांचा मात्र पत्ता नव्हता.

मार्च २०१३ मध्ये संघटनेने आपला आर्थिक अहवाल प्रसिद्ध केला. हवाई क्षेत्र खुले झाल्यावर पहिल्या तीन वर्षांत ७० हजारांहून अधिक नोकऱ्या आणि १३.६ अब्ज डॉलरची उलाढाल होईल, २०२५ पर्यंत नोकऱ्या १,०३,७७६ होतील आणि तोवरची एकूण उलाढाल ८२ अब्ज डॉलरवर जाईल, असा त्याचा सारांश होता. बारा वर्षांनंतरच्या नोकऱ्यांचा अंदाज एकक स्थानापर्यंत देणाऱ्या माणसाच्या धैर्याचे मला आजही कौतुक वाटते. अहवालातली खरी चतुराई मात्र पुढेच होती. प्रत्येक राज्याच्या वाट्याला किती नोकऱ्या आणि किती पैसा येईल याचा स्वतंत्र तक्ता त्यात होता. त्यामुळे कोणत्याही आमदाराला किंवा खासदाराला आपल्या राज्यापुरती ओळ वाचून भाषण करता येत होते, आणि ते तशी भाषणे करतही होते. त्याच वर्षी एफएए सहा चाचणी केंद्रे निवडणार होते. त्यासाठी २४ राज्यांमधून २५ प्रस्ताव आले. केंद्रांना सरकारी अनुदान मिळणार नव्हते, तरीही एवढी चढाओढ झाली, यात त्या तक्त्याचा वाटा नक्कीच असावा.

दुसरी आघाडी शब्दाची. ‘ड्रोन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर क्षेपणास्त्र सोडणारे लष्करी विमान येते, म्हणून तो शब्द वापरू नये, असा संघटनेचा आग्रह होता. ६ मार्चला सिनेटर रँड पॉल अशा लष्करी ड्रोनच्या वापरावरून जवळपास तेरा तास सभागृहात बोलत उभे राहिले होते. दोनच आठवड्यांनी, २० मार्चला, संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल टोस्कानो सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे साक्षीला बसले, तेव्हा सुनावणीच्या शीर्षकातच ‘ड्रोन्स’ होते. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला वार्षिक अधिवेशन भरले. तिथे पत्रकारांना वायफायचा जो पासवर्ड दिला गेला, त्यात ‘ड्रोन म्हणू नका’ या अर्थाचे तीन इंग्रजी शब्द सलग जोडलेले होते. पत्रकारांनी साहजिकच पहिली बातमी त्याचीच केली. ज्या शब्दाचा उच्चार टाळायचा तोच प्रत्येकाला बोटांनी टाइप करायला लावणे, याहून उलटा प्रचार मला तरी आठवत नाही.

आता निसटलेली गोष्ट. जानेवारी २०१३ मध्ये डीजेआय या चिनी कंपनीने फँटम नावाचे चार पंखांचे छोटे पांढरे यंत्र बाजारात आणले. त्याला स्वतःचा कॅमेराही नव्हता, खाली बाहेरचा कॅमेरा अडकवावा लागे. खोक्यातून काढायचे, बॅटरी भरायची आणि उडवायचे. पुढच्या दहा वर्षांचा बाजार या घराण्याने घडवला, आणि संघटनेचे वर्ष मोठ्या, महागड्या, प्रशिक्षित चालक लागणाऱ्या यंत्रांच्या भवितव्याची वकिली करण्यात गेले. माझे म्हणणे एवढेच की २०१३ मध्ये संघटनेने दार ठोठावले ते योग्यच होते, पण त्या दारातून कोण आत येणार याचा तिचा अंदाज साफ चुकला.

त्रैराशिक

धागा आवडला. आकड्यांबद्दल एक शंका. याच अहवालात असेही म्हटले होते की परवानगीला होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक वर्षी देशाचे १० अब्ज डॉलरहून अधिक नुकसान होईल, म्हणजे दिवसाला सुमारे २ कोटी ७६ लाख डॉलर. हे वाक्य त्या काळी प्रत्येक भाषणात असे. परंतु २०१५ ते २०२५ ही अकरा वर्षे धरली आणि ८२ अब्जांना ११ ने भागले, तर वर्षाला साडेसात अब्ज येतात. सरासरी वर्षाची कमाई साडेसात अब्ज असताना एक वर्ष वाया गेल्याचे नुकसान दहा अब्ज कसे?

उत्तर मीच काढले, कोणाला चूक दिसल्यास सांगावे. बाजार दरवर्षी वाढत जाणार असे गृहीत धरले आणि मोजणी २०२५ ला थांबवली, तर सुरुवात वर्षभर पुढे ढकलल्याने मोजणीतून जे वर्ष गळते ते पहिले, किरकोळ वर्ष नसते. शेवटचे, सर्वांत मोठे वर्ष गळते. त्यामुळे आकडा सरासरीपेक्षा मोठा दिसतो. गणित म्हणून यात लबाडी नाही. पण ते पैसे बुडालेले नसतात, २०२६ मध्ये मिळायचे असतात. ‘लांबणीवर पडले’ आणि ‘गमावले’ यांतला फरक भाषणात कोणी सांगत नाही, आणि दिवसाचा भाव काढून दाखवला की ऐकणाऱ्याला घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागते.

माळरान

शेतीबद्दल कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटले, कारण त्या ८२ अब्जांचा पाया शेतीच होती. अचूक शेती आणि सार्वजनिक सुरक्षा ही दोन क्षेत्रे मिळून सुमारे ९० टक्के बाजार व्यापतील, असे अहवाल सांगत होता, आणि त्या दोहोंत शेतीचा वाटा कितीतरी मोठा होता.

या युक्तिवादात जपानचे उदाहरण हमखास येत असे. तिथे यामाहाचे आरमॅक्स हे मानवरहित हेलिकॉप्टर १९९७ पासून आणि त्याच्या आधीचे आर-५० हे १९८७ पासून भातशेतीवर फवारणी करत आले आहे. तिथले भाताचे तुकडे लहान आहेत आणि वस्तीला लागून आहेत. मोठे विमान तिथे फवारणीला खाली आणता येत नाही आणि चिखलात पाठीवर पंप घेऊन चालण्यास तरुण माणूस मिळत नाही, म्हणून ते यंत्र तिथे रुजले. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मक्याचा एकेक तुकडा शेकडो एकरांचा असतो. तिथे फवारणीची विमाने आणि रुंद हातांचे ट्रॅक्टर आधीपासून काम करतात. एका ठिकाणी गरजेतून वाढलेल्या यंत्राचा वेग दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावणे हीच मला या भाकितातली सर्वांत कच्ची वीट वाटते.

आणखी एक गंमत. आरमॅक्स हे २४६ सीसीच्या इंजिनावर चालणारे, तीन मीटरहून मोठ्या पात्याचे, शंभर किलोंच्या आसपास वजनाचे यंत्र आहे. जून २०१६ मध्ये एफएएने ज्याची वाट पाहिली जात होती तो छोट्या यंत्रांचा नियम जाहीर केला, तेव्हा त्याची वजनमर्यादा ५५ पौंड, म्हणजे जेमतेम २५ किलो ठरली. ज्या यंत्राचे नाव घेऊन शेतीची बाजारपेठ रंगवली गेली ते त्या नियमात बसतच नव्हते. त्याला मे २०१५ मध्ये वेगळी सवलत घ्यावी लागली होती. छोट्या यंत्रांनी शेतात जे केले ते मुख्यतः वरून पाहण्याचे काम, म्हणजे पाणी कुठे साचले आणि पीक कुठे पिवळे पडले ते दाखवण्याचे. हे उपयुक्त आहे, पण पाहणीचे पैसे फवारणीइतके मिळत नाहीत.

बिनतारी (धागाकर्ता)

त्रैराशिक, तुमचे गणित बरोबर वाटते. माळरान, वजनाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तो माझ्या म्हणण्याला बळ देणारा आहे.

कोर्टाबाहेरचा

मी थोडे विरोधात लिहितो. धागाकर्त्यांनी शब्दाच्या लढाईची थट्टा केली आहे, पण त्या वर्षी संघटनेचे खरे नुकसान खासगीपणाच्या प्रश्नावर झाले, आणि ते ‘ड्रोन’ शब्दामुळे झाले असे मला वाटत नाही.

घटनाक्रम पाहावा. फेब्रुवारी २०१३ मध्ये सिएटलच्या महापौरांनी पोलिसांचा ड्रोन वापरण्याचा कार्यक्रम बंद केला आणि घेतलेली दोन छोटी यंत्रे विक्रेत्याला परत करायला लावली. एप्रिलमध्ये व्हर्जिनियाने पोलिसांच्या वापरावर दोन वर्षांची स्थगिती आणली. लक्षात घ्यावे की संघटनेचे मुख्यालय याच राज्यात, आर्लिंग्टनला आहे. त्याच महिन्यात आयडाहो आणि फ्लोरिडा यांनी वॉरंटची अट घालणारे कायदे केले. वर्षभरात चाळीसहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांत या विषयावर विधेयके आली. जूनमध्ये सरकारच्या गुप्त टेहळणीचे स्नोडेन प्रकरण बाहेर आले आणि त्याच महिन्यात एफबीआयच्या संचालकांनी सिनेटपुढे कबूल केले की अमेरिकेच्या भूमीवर टेहळणीसाठी अशी यंत्रे वापरली जातात. वातावरण असे असताना संघटनेची भूमिका होती की कायदा तंत्रनिरपेक्ष असावा आणि विनावॉरंट झडतीपासून संरक्षण देणारी राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती पुरेशी आहे.

ती पुरेशी आहे का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन जुन्या निकालांत पाहता येते. १९८६ च्या सिराओलो खटल्यात पोलिसांनी १,००० फुटांवरून विमानातून एका घराच्या कुंपणाआडच्या अंगणात गांजाची झाडे पाहिली होती. न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक हवाई मार्गातून नुसत्या डोळ्यांना जे दिसते ते पाहायला वॉरंट लागत नाही. १९८९ च्या रायली खटल्यात तीच गोष्ट ४०० फुटांवरच्या हेलिकॉप्टरला लागू झाली. तिथे काचघराच्या छपराचे एक-दोन पत्रे निघालेले होते आणि पोलिसांना त्या फटीतून आतले दिसले होते. आता ४०० फूट हीच पुढे छोट्या मानवरहित विमानांची कमाल उंची ठरली. हेलिकॉप्टर आले तर त्याचा आवाज मैलभर आधी कळतो, त्याला तासाला शेकडो डॉलर लागतात, आणि म्हणून ते क्वचित येते. जुन्या कायद्यात जे संरक्षण होते ते या खर्चात आणि गोंगाटात होते, कलमांत नव्हते. यंत्र स्वस्त आणि हलके झाले की ते संरक्षण आपोआप जाते. संघटनेने या प्रश्नाला नोकऱ्यांच्या आकड्याने उत्तर दिले. लोक विचारत होते ‘माझ्या अंगणात काय दिसेल’, आणि उत्तर मिळत होते ‘तुमच्या राज्यात किती नोकऱ्या येतील’.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की संघटनेने जुलै २०१२ मध्येच सभासदांसाठी आचारसंहिता काढली होती आणि तिच्यात सुरक्षितता, व्यावसायिकता आणि इतरांचा आदर अशी तीन सूत्रे होती. पण ती ऐच्छिक होती. याउलट एफएएने नोव्हेंबर २०१३ मध्ये चाचणी केंद्रांसाठी खासगीपणाच्या अटी ठरवल्या आणि प्रत्येक केंद्राला आपले धोरण जाहीर ठेवणे बंधनकारक केले.

पोळे

शब्दाबद्दल छोटीशी भर. ब्रिटिश नौदलाच्या सरावासाठी १९३५ मध्ये रेडिओवर चालणारे एक लक्ष्य-विमान तयार झाले, त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. अमेरिकी नौदलाने तसेच यंत्र बनवायला घेतले तेव्हा त्या राणीला मान देऊन ‘ड्रोन’, म्हणजे नर माशी, हा शब्द घेतला असे मानले जाते. म्हणजे हा शब्द पत्रकारांनी चिकटवलेला नाही, धंद्याच्या आजोबांनीच ठेवलेला आहे. २०१६ मध्ये एफएएने उद्योगाचा सल्ला घेण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे नाव ‘ड्रोन ॲडव्हायझरी कमिटी’ असेच ठेवले. आणि आता ‘अनमॅन्ड’मधला ‘मॅन’ खटकतो म्हणून ‘अनक्रूड’ म्हणायची पद्धत पडली आहे. मराठीत ‘मानवरहित’ म्हटल्यावर स्त्रीपुरुषाचा प्रश्न उरत नाही, हा आपला फायदा.

सुकाणू

ऑगस्ट २०१३ च्या त्या वॉशिंग्टनच्या प्रदर्शनात मी एका छोट्या कंपनीच्या टेबलामागे तीन दिवस उभा होतो. आम्ही कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारी चौकट बनवत असू. आमच्याकडे गणवेशातली माणसे फारशी फिरकत नसत. येत ते सर्व्हेअर, छायाचित्रकार आणि एखादा खाणीचा व्यवस्थापक. एक सर्व्हेअर मला नीट आठवतो. त्याने फोनवर खडीच्या ढिगाचा फोटो दाखवला. त्या ढिगाचे घनफळ काढायला त्याचा माणूस हातात काठी घेऊन वर चढे, आणि दर महिन्याला खडी घसरून तो गुडघे फोडून घेई. त्याला फक्त एवढेच विचारायचे होते की हे मी उद्या उडवू शकतो का.

आम्ही त्याला जे सांगितले ते ऐकून तो हसला. छंद म्हणून उडवले तर चालेल, कारण १९८१ पासून मॉडेल विमानांसाठी सूचनावजा पत्रक होते. पण त्याच ढिगावर, त्याच यंत्राने, त्याच माणसाने उडवून गिऱ्हाइकाला बिल पाठवले तर ते बेकायदा, कारण २००७ च्या धोरणात एफएएने धंद्याला ती सूट नाकारली होती. ‘म्हणजे बिल उडवायचे नाही, यंत्र उडवायचे,’ असे म्हणून तो गेला. मोठ्या दालनांत काय चालले होते मला माहीत नाही, पण बिनतारी म्हणतात तो दारातून आत येणारा माणूस प्रदर्शनातच होता. फक्त त्याचा स्टॉल नव्हता.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. संघटना तिन्ही प्रकारच्या यंत्रांची असली, तरी त्या वर्षीचा सगळा प्रचार हवेतच राहिला. आर्थिक अहवाल फक्त विमानांचा. जमिनीवरच्या वाहनांबाबत मे महिन्यात अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने स्वयंचलित मोटारींचे पहिले धोरणपत्रक काढले आणि त्यात शून्य ते चार अशा पायऱ्या मांडल्या. डिसेंबरमध्ये फ्लोरिडातील होमस्टेडच्या शर्यतीच्या मैदानावर डार्पाची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, रोबो-चाचणी झाली. फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर, माणूस जाऊ शकत नाही तिथे यंत्राने जाऊन झडप फिरवावी यासाठी ती होती. एकेका कामाला तीस मिनिटे, आणि एवढ्या वेळात दार उघडणे, शिडी चढणे किंवा पाण्याची नळी जोडणे. जपानच्या शाफ्ट संघाने ३२ पैकी २७ गुण मिळवले. रोबो दारासमोर मिनिटन्‌मिनिटे विचार करत उभा राहतो हे ज्याने पाहिले, त्याला यंत्रे उद्या सगळे करतील असे कोणी पटवू शकत नाही.

संघटनेच्या प्रतिष्ठानाचे त्या काळचे विद्यार्थ्यांसाठीचे काम मला तिच्या सगळ्या उपक्रमांत सरस वाटते आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. १९९८ पासून पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा होते; त्या काळी ती सॅन दिएगोला नौदलाच्या प्रयोगशाळेच्या खोल तलावात भरत असे. यंत्र पाण्यात सोडले की वायर नाही, रेडिओ नाही. रेडिओलहरी पाण्यात फार जातच नाहीत. आधी एका चौकटीतून पार व्हायचे, मग रंगीत बोये ओळखायचे, मग तळाशी टिकटिकणाऱ्या ध्वनियंत्राचा माग काढायचा. बहुतेक संघांचे यंत्र पहिल्या चौकटीलाच चुकते, आणि काठावर उभ्या असलेल्या मुलांना पाहण्याखेरीज काही करता येत नाही. मानवरहित म्हणजे नेमके काय, हे त्या काठावर कळते.

त्रैराशिक

सुकाणू, त्याच वर्षी नौदलाने एक्स-४७बी हे मानवरहित विमान विमानवाहू जहाजावर उतरवले, ते हवेतले यश तर मोठेच होते ना?

सुकाणू

मोठेच होते. १४ मे रोजी ते शेपूट नसलेले विमान यूएसएस जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश या जहाजावरून उडवले गेले आणि १० जुलैला व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ त्याच जहाजावर उतरले. पोटाखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी तिसऱ्या तारेत अडकला. त्या दिवशी दोनदा ते नीट उतरले. तिसऱ्या वेळी त्याच्या मार्गदर्शक संगणकात बिघाड असल्याचे त्याने स्वतःच ओळखले आणि ते वॉलॉप्स बेटावरच्या धावपट्टीकडे वळले. मला तरी दोन उतरण्यांपेक्षा ही माघार अधिक शहाणी वाटली. पण हे संरक्षण खात्याच्या पैशावरचे काम. त्या खडीवाल्याला याचा काही उपयोग नव्हता.

बिनतारी (धागाकर्ता)

कोर्टाबाहेरचा यांचा मुद्दा मान्य. शब्द बदलून प्रश्न टळला नसता. आकडा आणि अंगण यांची गाठच पडली नाही, हे त्यांनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले.

पुढे काय झाले तेवढे लिहितो. ३० डिसेंबर २०१३ ला सहा चाचणी केंद्रे जाहीर झाली : अलास्का विद्यापीठ, नेव्हाडा, न्यूयॉर्कचे ग्रिफिस विमानतळ, नॉर्थ डकोटा, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे कॉर्पस क्रिस्टी आणि व्हर्जिनिया टेक. पहिले काम नॉर्थ डकोटात एप्रिल २०१४ मध्ये सुरू झाले. पण धंद्याचे दार उघडले ते या केंद्रांतून नाही. २०१२ च्या कायद्यातच प्रकरणानुसार सवलत देणारे एक कलम होते, ३३३ क्रमांकाचे. त्याखाली २५ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्या सहा सवलती मिळाल्या, आणि त्या होत्या चित्रीकरण करणाऱ्या कंपन्यांना. त्यांच्यामागे उभी होती ती सिनेनिर्मात्यांची उद्योगसंघटना. म्हणजे मानवरहित विमानांच्या संघटनेने वर्षानुवर्षे ज्या दारावर थाप मारली ते सिनेमावाल्यांच्या संघटनेने कडी सरकवून उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

२०१६ च्या मध्यापर्यंत अशा सवलती पाच हजारांवर गेल्या. एयूव्हीएसआयने त्यांची स्वतःच मोजणी करून अहवाल काढले, आणि त्यात बहुतेक अर्जदार छोटे व्यावसायिक असल्याचे तिलाच नोंदवावे लागले. सवलत घेणाऱ्याला पंचवीस किलोंच्या आतल्या यंत्रासाठीही वैमानिकाचा परवाना लागत असे. २९ ऑगस्ट २०१६ ला नवा नियम अमलात आला तेव्हा ती अट जाऊन सोळा वर्षे वय आणि एक लेखी परीक्षा उरली. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्येच संघटनेने मॉडेल विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्थेसह आणि एफएएच्या सहकार्याने ‘उडवण्याआधी जाणून घ्या’ या अर्थाची मोहीम सुरू केली होती, कारण नाताळात लाखभर घरांत ते पांढरे खोके उघडले जाणार हे तोवर सर्वांनाच दिसू लागले होते.

सुकाणू, त्या सर्व्हेअरला पुढे परवानगी मिळाली का, हे तुम्हाला कळले असेल तर जरूर लिहा.

सुकाणू

२०१५ मध्ये त्याचा फोन आला होता. सवलत मिळाली होती, पण परवानाधारक वैमानिक ठेवणे परवडत नव्हते. तोपर्यंत ढिगावर माणूसच चढत होता.